खोटा खिसा

लक्ष्मी रोडवर भर दुपारी शहाण्या माणसाने जाऊ नये. पण घरात मुंज निघाली की शहाणपण गुंडाळून ठेवावं लागतं. भाच्याला कपडे घ्यायचे म्हणून धाकट्या बहिणीबरोबर गेलो होतो. दुकानाच्या दारातच मुलांच्या पुतळ्यांची रांग. सगळे सहा-सात वर्षांचे, सगळे सुटाबुटात, आणि एकालाही डोकं नाही. मोठ्यांच्या पुतळ्यांना निदान नाकडोळे तरी काढलेले असतात. इथे मानेपाशी स्टीलची गोल चकती आणि तिच्यावर धूळ. मला ते फार प्रामाणिक वाटलं. मुलाचा सूट घेताना त्याच्या डोक्याचा संबंध येतो कुठे?

"थ्री पीस नाही दादा, फाइव्ह पीस आहे," सेल्समनने बोटं मोजून दाखवली. कोट, जाकीट, शर्ट, पँट, बो. वरच्या खिशातला रुमाल त्याने धरलाच नाही, कारण तो रुमाल नव्हताच. नुसतं एक लाल तिकोनी टोक खिशाला शिवून टाकलेलं. जाकीटही नुसतं पुढून जाकीट, शर्टाला जोडलेलं. मागे पातळ अस्तर. बटणं शोभेची, खाली वेलक्रो. भाच्याला हे सगळं चढवलं, बोचं इलॅस्टिक मानेत अडकवलं, "अगंबाई, किती गोड दिसतोय" असं शेजारच्या अनोळखी काकूसुद्धा म्हणून गेल्या. तो आरशासमोर गंभीर उभा. मग त्याने हात कोटाच्या खिशात घालायला नेला. वरची झडप होती. खाली काही नव्हतं. दुसऱ्या बाजूला करून पाहिलं. पँटीला करून पाहिलं.

"मामा, यात हात जात नाही."

"अरे, शोचा असतो तो," बहीण म्हणाली आणि किमतीकडे वळली.

मला खोट्या खिशाचा मनापासून संताप आहे. मोठ्यांच्या कोटाला नसता चालेल एकवेळ; मोठ्यांना बॅगा असतात, गाड्या असतात, सामान धरायला धाकटी माणसं असतात. लहान मुलाची सगळी इस्टेट खिशात मावते, म्हणून त्यालाच खिसा हवा. लग्नकार्यात तर हवाच. अक्षता तिथे, पानावरून उचललेली सुपारी तिथे, कुणीतरी गालगुच्चा घेऊन हातावर ठेवलेली नोट तिथे. खिसा नसेल तर ती नोट आईकडे जाते, आणि आईकडे गेलेली नोट परत आल्याचं कोणत्याही घराण्याच्या इतिहासात नमूद नाही.

माझा पहिला कोट मामाच्या लग्नातला. सांगलीत आमचे शिंपी होते, त्यांना सगळे मास्तरच म्हणायचे. दुकान एका बाकाएवढं, अर्ध्यात मशीन, अर्ध्यात मास्तर, आणि गिऱ्हाईक रस्त्यावर. बाबांना त्यांच्या लग्नात आलेला एक सूटपीस ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांमध्ये पडून होता. त्यातून बाबांचा सूट निघाला आणि उरलेल्यातून माझा कोट. मास्तरांनी खांद्यापासून टेप लावला तशी आई नेहमीचं वाक्य बोलली, "वाढत्या अंगाचा शिवा हो."

या एका वाक्यात महाराष्ट्रातल्या तमाम मुलांच्या कपड्यांचा इतिहास आला. बाहीच्या आत चार बोटं कापड दुमडून ठेवलेलं, पँटीला खाली तेवढंच. दर वर्षी एक दुमड सोडायची. सोडली की तिथे कापडाचा मूळ रंग दिसायचा आणि बाकीचा कोट विटलेला. जुन्या शिलाईच्या सुईची बारीक भोकंही दिसायची. तरी तो कोट आधी मला मोठा होता, मग लहान झाला. मधे केव्हातरी तो अगदी बेताचा बसला असणार, पण त्या दिवशी कुठे लग्न नव्हतं.

मास्तरांनी खिसे मात्र खरे केले, आणि मी लोचटासारखा मागे लागलो म्हणून आत अस्तराला एक चोरखिसाही. लग्न मे महिन्यातलं. टेरीवूलचा कोट, कार्यालयात पंखे मोजके आणि तेही वरमंडळींवर रोखलेले. पाठीवरून घामाचे ओघळ चाललेले मला आठवतात, पण कोट काढलेला आठवत नाही, कारण चोरखिशात जिलबीचा तुकडा होता. तो डाग धुवून गेला नाही. पुढे कोट धाकट्या भावाकडे गेला तो डागासकट.

वाढत्या अंगाची वस्त्रं चढवण्यात आपल्या मातीचा हात धरणारं कोणी नाही. सवाई माधवराव १७७४ साली पुरंदरावर जन्मले आणि चाळीस दिवसांचे असताना साताऱ्याहून त्यांना पेशवाईची वस्त्रं आली. चाळीस दिवसांचं बाळ. ज्याला झबलंसुद्धा मोठं होतं, त्याला अख्खी दौलत. बारभाईंनी पुढची मापं सांभाळली म्हणा. पण ती वस्त्रं अंगाला बसायच्या वयात, एकविसाव्या वर्षी, शनिवारवाड्यात वरून पडून हा पेशवा गेला. शाळेत हे वाचताना मला युद्धांच्या सनावळ्या पाठ झाल्या नाहीत. ते चाळीस दिवस तेवढे राहिले.

मुलग्याला मुलग्यासारखं नटवायचं हीसुद्धा तशी अलीकडचीच गोष्ट. आमच्या घरच्या अल्बममध्ये एक फोटो आहे: खणाचं परकर-पोलकं, जावळाची वेणी, वेणीवर गजरा, कपाळाला चंद्रकोर. हा माझा काका. पुढे तो पोलिसात गेला आणि मोठ्या मिशा ठेवून रिटायर झाला. जावळ काढायच्या आधी असा एक फोटो काढून घ्यायचा, कुणाला नजर लागू नये म्हणून, कुणाला मुलगी हवी होती म्हणून, बहुतेकांना केवळ हौस म्हणून. काका ते पान घाईने उलटतो. त्याला मी एकदा फ्रँकलिन रूझवेल्टचा १८८४ सालचा फोटो दाखवला. अडीच वर्षांचा रूझवेल्ट, पांढरा फ्रॉक, खांद्यापर्यंत केस, मांडीवर हॅट. पुढे हा गडी चार वेळा अमेरिकेचा अध्यक्ष म्हणून निवडून आला. काका म्हणाला, "त्याला गजरा नाही."

विलायतेत आणि अमेरिकेत तेव्हा सगळेच मुलगे चार-सहा वर्षांचे होईपर्यंत फ्रॉकात असत. मग एक दिवस विजार चढवायची, त्याचा घरात समारंभ. शिंपी बोलवायचा, पाहुणे जमायचे, काही घरांत नव्या विजारीच्या नव्या खिशात पाहुण्यांनी नाणं टाकायची रीत. हे वाचलं तेव्हा मला आपली भिक्षावळच दिसली. वय साधारण तेच, आया तशाच डोळे पुसणाऱ्या. आपण विजारीऐवजी लंगोटी देतो आणि खिशाऐवजी झोळी, एवढंच. आणि झोळीसारखा खिसा जगात कुठल्याही शिंप्याने केलेला नाही. लाडू मावतो, नारळ मावतो, चांदीची वाटी मावते. सकाळी हा ऐवज गळ्यात अडकवून फिरलेल्या बटूला संध्याकाळी रिसेप्शनला फाइव्ह पीस घालतात. कोटाच्या कॉलरवर तुळतुळीत डोकं, मागे शेंडी, आणि खिसे शिवलेले. सकाळी संन्याशाचा वेश होता तेव्हा तो श्रीमंत होता.

पण हिशेब चोख करायचा तर मुलांच्या सुटाच्या इतिहासात मधे बरे दिवसही येऊन गेले. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात एक जोडा निघाला: तोकडं जाकीट, लांब पायघोळ विजार, आणि विजारीला वर बटणं, ती सरळ जाकिटाला अडकवायची. बाप मंडळी अजून गुडघ्यापर्यंतच्या घट्ट विजारी आणि मोजे घालून अवघडून बसत होती, तेव्हा त्यांची पोरं लांब विजारीत उड्या मारत होती. बापांना ती पुढे मिळाली. शिवाय विजार खाली घसरायची भीती नाही. आपल्याकडे हे काम करगोट्याने केलं. चड्डीचं बटण तुटलं की चड्डीची कड करगोट्याखाली खोचायची आणि पुढच्या डावाला पळायचं. गोयाने त्या काळातलं एक स्पॅनिश पोर रंगवलंय, तीन-चार वर्षांचं, तांबडालाल जोडा, कमरेला रुपेरी पट्टा, हातात दोरी आणि दोरीला बांधलेला मॅगपाय पक्षी. मागे तीन मांजरं त्या पक्ष्याकडे टक लावून. चित्राचे जाणकार त्यात काय काय वाचतात. मला तो मुलगा चित्र संपायची वाट बघताना दिसतो.

आणि मग बर्टी. राणी व्हिक्टोरियाचा थोरला मुलगा. १८४६च्या सप्टेंबरात राजघराणं बोटीवरून सफरीला निघालं होतं. हा तेव्हा पाचव्या वर्षात. त्याला खलाशाचे कपडे चढवले, आणि ते शिवले कोणी, तर बोटीवर खलाशांचे कपडे शिवणाऱ्या माणसानेच. राणीने रोजनिशीत कौतुकाने लिहून ठेवलंय: पोरगं डेकवर आलं तसे अधिकारी आणि खलाशी हर्षाने ओरडले. मग विंटरहाल्टर नावाच्या चित्रकाराने त्याचं चित्र काढलं. पांढरी सैल बॉटम असलेली विजार, मोठी निळी कॉलर, डोक्यावर गवती हॅट, मागे समुद्र. आणि दोन्ही हात विजारीच्या खिशात.

खरे खिसे! राजपुत्र, चित्रकार समोर, आई राणी, आणि हा खुशाल खिशात हात घालून उभा. कारण उघड आहे. तो शिंपी मुलांचे कपडे शिवणारा नव्हता. त्याला मुलांसाठी खोटं करायचं असतं हे कुणी शिकवलंच नव्हतं. खलाशाला खिसा लागतो, म्हणून यालाही दिला. तो सूट आजही ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात आहे. गंमत अशी की ब्रिटिश आरमारातल्या साध्या खलाशांना सरकारी गणवेश ठरवून मिळाला तो १८५७ साली. पोराने आधी घातला, खलाशांनी नंतर.

त्यानंतर पन्नास-साठ वर्षं जगभर नुसती खलाशांची पिलावळ. जर्मनीचे राजपुत्र, रशियाचा युवराज, समुद्र कधी न पाहिलेली व्हिएन्नातली पोरं. तिथल्या मुलांच्या गायनवृंदाने तो वेष अजून सोडलेला नाही. जपानात १९२०च्या दशकात तो शाळकरी मुलींच्या अंगावर गेला आणि तिकडचाच झाला. १९३४ मध्ये डोनाल्ड डकने घातला; त्याने विजार रद्द केली, पण आपल्याकडे नुसत्या झबल्यात फिरणारी पोरं काय कमी आहेत! या सुटाला पुष्कळदा गळ्यात दोरी आणि दोरीला शिट्टी असे. शिट्टी! मुलाचा सूट कसा असावा हे कळलेला एक काळ होऊन गेला, तो आपल्या वाट्याला आला नाही.

बर्टी पुढे आपल्याकडे येऊन गेला. १८७५ साली युवराज म्हणून मुंबईत उतरला. त्याचा घोड्यावरचा पुतळा अल्बर्ट ससूनने शहराला दिला, तो १८७९ मध्ये उभा राहिला. काळा घोडा म्हणतात तो हाच. मुंबईने घोडा लक्षात ठेवला आणि स्वाराला विसरली. १९६५ साली दोघांची रवानगी राणीच्या बागेत झाली, आणि २०१७ पासून चौकात नवा घोडा उभा आहे, त्याच्यावर कुणीच नाही. राजा झाल्यावर बर्टीचं पोट इतकं सुटलं होतं की जाकिटाचं शेवटचं बटण लागेना, मग दरबाऱ्यांनीही आपापलं सोडलं, असं सांगतात. सुटाचं खालचं बटण उघडं ठेवायची फॅशन तिथली म्हणे. ज्याचे सगळे कपडे आयुष्यभर मापाने शिवले, त्याच्या नावावर न लागणारं बटण जमा.

मापाचा सोस विलायतेला जरा जास्तच. ईटनच्या शाळेत पाच फूट चार इंचांपेक्षा कमी उंचीच्या मुलाला कमरेशीच संपणारं तोकडं काळं जाकीट आणि रुंद पांढरी कॉलर. त्यापेक्षा उंच झाला की शेपटीचा कोट. १९६७ पर्यंत हे चालू होतं. थंडीत त्या जाकिटाने मागची बाजू गारठायची, त्यावरून मुलांनी त्याला ठेवलेलं नाव इथे छापता येणार नाही. आमच्या शाळेत इंच मोजायची भानगड नव्हती. आठवीत गेलात की फुल पँट. मग एखादा नापास होऊन सातवीतच राहिलेला दांडगा मिशा फुटल्या तरी हाफ पँटमध्ये, आणि आठवीतला चिमणा फुल पँटमध्ये हरवलेला.

आयांच्या हौसेची कमाल मात्र अमेरिकेत झाली. फ्रान्सिस हॉजसन बर्नेट नावाच्या लेखिकेने आपल्या दोन मुलांना मखमलीचे सूट शिवले होते, वर लेसच्या कॉलरी. १८८५ मध्ये तिची 'लिटल लॉर्ड फाँटलरॉय' ही गोष्ट मुलांच्या मासिकात क्रमशः यायला लागली, पुढच्या वर्षी पुस्तक झालं. चित्रं काढणाऱ्या रेजिनाल्ड बर्चला तिने धाकट्या व्हिव्हियनचा फोटो पाठवला होता. झालं. काळी मखमल, लेस, कुरळे केस हे बघून देशभरच्या आयांनी कात्र्या उचलल्या आणि एक अख्खी पिढी मखमलीत कोंबली. त्या पिढीतल्या मुलांनी काय सोसलं असेल ते मला ठाऊक आहे. मखमल उन्हाळ्यात कशी लागते हे मे महिन्यात शेरवानी घातलेला कुणीही सांगेल. व्हिव्हियनला मात्र तो सूट कधी उतरवताच आला नाही. लहानपणी घातला तेवढाच, पण कॉलेजात त्यावरून चिडवलं, पुढेही लोक त्याचीच ओळख काढत. १९३७ साली, एकसष्टाव्या वर्षी, तो आपल्या होडीत होता. जवळच दुसरी होडी उलटली, त्यातल्या माणसांना वाचवायला याने मदत केली आणि त्यातच हृदय बंद पडून गेला. पेपरवाल्यांनी मथळा दिला तो 'मूळचा फाँटलरॉय' वारल्याचा.

कपड्यांवरून माणूस ओळखतात म्हणे. सगळे ओळखतात, त्यात काय.

१९०१ साली साताऱ्याहून चार मुलं वडिलांकडे सुटीला निघाली. दोघे भाऊ आणि बहिणीची मुलं. घरात प्रवासाची केवढी तयारी. विलायती धाटणीचे नवे शर्ट, चमचमत्या टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरं. कुणीतरी मापं घेतली असणार, कुणीतरी "वाढत्या अंगाचं ठेवा" म्हणालं असणार. मुलं मसूर स्टेशनवर उतरली. घ्यायला कोणी आलेलं नाही, पत्र वेळेत पोचलंच नव्हतं. स्टेशनमास्तर आला, इतके नीटनेटके कपडे बघून त्याला ती ब्राह्मणाची मुलं वाटली, आणि त्याने मायेने विचारपूस केली. कोण तुम्ही? नऊ वर्षांच्या भीमाने पटकन खरं सांगून टाकलं, आम्ही महार. स्टेशनमास्तराचा चेहरा बदलला, तो आपल्या खोलीत निघून गेला. गाडीवाले दुप्पट भाडं घेऊनही त्यांना न्यायला तयार नव्हते. शेवटी एकाची गाडी मुलांनी स्वतः हाकली आणि गाडीवाला शेजारून पायी चालला. रात्रभर कुणी पाणी दिलं नाही. डबा होता, पाण्यावाचून तो पुरता खाताही आला नाही. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय, आणि कपड्यांची यादी त्यांनी गाळलेली नाही.

गेल्या चौदा एप्रिलला पुणे स्टेशनकडे गेलो होतो. पुतळ्याच्या आसपास मुंगीला वाट नव्हती. पुस्तकांचे स्टॉल, निळे झेंडे, पाण्याची पिंपं, ढोल. आणि गर्दीत जागोजागी निळ्या सुटातली लहान मुलं. गोल चष्मा, काखेत जाड पुस्तक. एका स्टॉलपाशी असाच एक होता, असेल सात वर्षांचा. कोट घरी शिवलेला दिसत होता, बाह्या आतून दुमडून टाके घातलेले, अजून चारेक वर्षांची बेगमी असलेल्या. वरच्या खिशाला निळं पेन.

स्टॉलवाल्याला पावती फाडायची होती आणि त्याचं पेन उठत नव्हतं. त्याने दोनदा कागदावर गिरगटून बघितलं आणि खाली वाकून म्हणाला, "साहेब, पेन द्या की जरा."

मुलाने खिशातून पेन काढलं. एकदा त्याच्याकडे, एकदा पेनकडे पाहिलं. मग टोपण काढून आपल्या मुठीत ठेवलं आणि नुसतं पेन त्याच्या हातात दिलं.